मोठा क्रोटन हलवण्यापूर्वी

परसातला पुरुषभर उंचीचा क्रोटन दोन वर्षांपूर्वी जुलैतल्या एका सकाळी मी खणून काढला, कुंपणाशी लावला आणि पंधरा दिवसांत त्याच्या नुसत्या काठ्या उरल्या. यंदा पायरीवर आलेला दुसरा क्रोटन हलवायचा आहे, म्हणून ही तयारी लिहून ठेवतो.

पहार, कुदळ, घमेले घरात असतेच. खरे काम मुळे आगाऊ तोडण्याचे आहे आणि ते झाड हलवण्याच्या दिवशी करायचे नसते. जूनअखेर झाड हलवायचे असेल, तर खोडाच्या जाडीच्या साधारण दहापट व्यासाचे, म्हणजे २ इंची खोडाभोवती २० इंचांचे वर्तुळ आखावे. मेच्या मध्यास त्याच्या अर्ध्या भागावर फूटभर खोल चर खणून आडवी आलेली मुळे धारदार कात्रीने कापावीत, चर शेणखत-मातीने भरावा आणि रोज पाणी द्यावे. उरलेला अर्धा भाग जूनच्या आरंभी घ्यावा. सगळी मुळे एकाच दिवशी तोडली, तर मेच्या उन्हात झाड उभ्या जागी सुकते. मुळे आगाऊ तोडायची ती एवढ्यासाठी की कापलेल्या टोकांना बारीक तंतुमुळे फुटतात आणि पाणी मुख्यतः तीच ओढतात. मागच्या वेळी माझ्या हुंडीत, म्हणजे मुळांसकट उचललेल्या मातीच्या गोळ्यात, जाडजूड मुळे भरपूर होती, तंतुमुळे जवळजवळ नव्हतीच. पावसाळ्यात काहीही जगते, असे मला सांगण्यात आले होते. ते क्रोटनच्या फांदीबाबत खरे असेल, दहा वर्षांच्या झाडाबाबत नाही. मेमध्ये चर घेतला नसेल, तर यंदा झाडाला हातच लावू नये.

नवा खड्डा आधीच तयार हवा, हुंडीच्या दुप्पट रुंद पण तितकाच खोल, आणि उजेडात. दाट सावलीत पानांचे रंग जाऊन ती हिरवी पडतात. चीक त्वचेला झोंबतो, म्हणून हातमोजे घालावेत. उचलताना जुन्या चराच्या चार बोटे बाहेरून खणावे, नाहीतर आगाऊ तोडून मिळवलेली तंतुमुळेच पुन्हा तुटतील. चिखलात हुंडी फुटते, त्यामुळे उघडीप आणि वाफसा (माती ओलसर पण चिखल नसलेली) पाहून दिवस ठरवावा. फांद्या सुतळीने, हुंडी ओल्या गोणपाटाने बांधावी आणि खोडाला धरून ओढू नये.

मग खड्ड्यात पूर्वीइतक्याच खोलीवर लावणे, आळे, पाणी, आधाराची काठी. महिनाभर खत नाही. पाने गळली तर साल नखाने खरवडून आत हिरवे आहे का ते पाहावे, आणि हिरवे असेल तोवर झाड उपटू नये.