जांभ्या मातीची तब्येत कशी तपासावी: कोकणातल्या बागायतदारासाठी

रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सोलापूरला ७०० च्या आसपास. तरी मार्च महिन्यात कातळालगतच्या काजूच्या बुडाशी पहार मारून बघा, हाताला झिणझिण्या येतात. परतीचा पाऊस गेला की मृगापर्यंत सात-आठ महिने झाडाने जगायचं ते मातीत मुरलेल्या ओलीवर. म्हणून कोरडवाहू भागातल्या माती संशोधनाकडे कोकणातल्या शेतकऱ्यानेही लक्ष द्यावं, असं मला मनापासून वाटतं. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात १९३३ पासून आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत १९७२ पासून हेच काम चालू आहे: पडलेलं पाणी मातीत मुरवायचं कसं आणि मुरलेलं टिकवायचं कसं.

प्रश्न तोच असला तरी तिथला सल्ला इथे जसाच्या तसा लावू नका. घाटावरच्या काळ्या मातीत चुनखडी असते आणि सामू (पीएच, म्हणजे मातीचा आंबटपणा मोजणारा आकडा; ७ च्या खाली आंबट) बहुधा ७.५ च्या वर. आपल्या जांभ्या मातीतला चुना पावसाने कधीच धुऊन नेलाय, सामू ५ ते ६.५ च्या दरम्यान सापडतो. दोन्हीकडे स्फुरद (फॉस्फरस) पिकाला सहज मिळत नाही, पण तिकडे तो कॅल्शियम धरून ठेवतं आणि इकडे लोह व ॲल्युमिनियम. रॉक फॉस्फेट आपल्या आंबट मातीत हळूहळू विरघळून लागू पडतं, चुनखडीच्या जमिनीत ते तसंच पडून राहतं. उलट तिकडच्या चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेल्या) जमिनीला तारणारं जिप्सम आपल्या मातीचा आंबटपणा कमी करत नाही, त्याला चुनाच लागतो. तेव्हा आधी आपली माती ओळखायची, खताचं नंतर बघू.

१. जमिनीचे तुकडे पाडा

कोकणात अर्ध्या एकरातही तीन जाती निघतात. वर कातळाचा पातळ थर, मधे वरकस (हलक्या मातीचा) उतार, खाली मळा, आणि खाडीकाठी असाल तर खारजमीन. यांची माती एकत्र केली की येणारा अहवाल यातल्या कुठल्याच तुकड्याचा नसतो. मृद आरोग्य पत्रिकेची (माती तपासून शेतकऱ्याला अहवाल देणारी) सरकारी योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झाली, तेव्हा सुरुवातीच्या फेऱ्यांत जिरायती भागात १० हेक्टरला एक नमुना घेत. सपाट मुलखात ते चालून जाईल. आमच्याकडे १० हेक्टरात अर्धी वाडी बसते! त्यामुळे जुनी पत्रिका घरात असली तरी स्वतःचा नमुना स्वतः काढा.

कागदावर शेताचा साधा नकाशा काढून प्रत्येक तुकड्याला नाव द्या. रंग, उतार, खोली किंवा पीक बदललं की तुकडा वेगळा.

२. नमुना काढणे

या पायरीवर घाई करू नका. प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी पिशवीत जे घातलं तेच ती मोजते. माझा पहिला नमुना मी गोठ्यामागच्या दोन कलमांखालून घेतला होता, घराजवळ होतं म्हणून. सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत आलेला कार्बन) भरपूर आला, आणि तो आकडा धरून दोन वर्षं मी वरच्या कातळावरच्या कलमांना शेणखत कमी घातलं. ती कलमं अजून मागे आहेत.

वेळ: भातखाचरात कापणीनंतर, आंबा-काजूत फळं उतरल्यावर पण पावसाआधी आणि खत घालण्याआधी. खारजमिनीत मात्र एप्रिल-मेमध्येच घ्या. तेव्हा क्षार वर चढलेले असतात. ऑगस्टमध्ये पावसाने ते खाली नेलेले असतात, अहवाल उगाच चांगला येतो.

जागा: बांध, गडगा (दगडी कुंपण), झाडाचा बुंधा, खताचा ढीग, पायवाट आणि जिथे राब भाजला (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळला) ती जागा सोडून द्या. बाकी शेतात नागमोडी चालत एका तुकड्यातून ८-१० ठिकाणं धरा.

खड्डा: वरचा पातेरा (गळलेला पाला) हाताने बाजूला करा. भातासाठी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या एका कडेचा वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाड काप काढा. खड्डा कुदळीने घ्यायला हरकत नाही, पण शेवटची माती बांबूच्या पट्टीने खरवडा. लोह-जस्त तपासायचं असेल तर गंजलेलं अवजार आणि जस्ताची बादली आकडे बिघडवते. फळबागेत ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटिमीटर असे थर वेगवेगळे ठेवा. पहार ४० सेंटिमीटरवर जांभ्याला लागली तर तिथेच थांबा आणि ती खोली लिहून ठेवा. कलम का वाढत नाही याचं उत्तर पुष्कळदा त्या खोलीतच सापडतं.

सगळी माती स्वच्छ गोणपाटावर (खताच्या गोणीवर नाही) मिसळा, ढीग पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत असंच करत राहा. सावलीत वाळवा. पिशवीत चिठ्ठी टाका: तुकड्याचं नाव, खोली, तारीख, मागचं पीक, पुढचं पीक.

३. घरी करायच्या दोन परीक्षा

पाणी मुरण्याची: १५ सेंटिमीटर व्यासाचा, दोन्ही तोंडं उघडी असलेला पाइपचा तुकडा जमिनीत अर्धा ठोका. त्यात ४४० मिलिलिटर पाणी ओता, म्हणजे अडीच सेंटिमीटर पाऊस झाला. ते मुरलं की पुन्हा तेवढंच ओता आणि दुसऱ्या वेळेला किती मिनिटं लागतात ते घड्याळावर बघा. भाताच्या चिखलणी केलेल्या खाचरात पाणी थांबणारच, तिथे हे करू नका.

ढेकळाची: सुपारीएवढं सुकं ढेकूळ ग्लासातल्या पाण्यात अलगद सोडा. काळ्या मातीच्या भागात पाच मिनिटांत विरघळलं तर माती अशक्त समजतात. आपल्याकडे इथे फसगत होते, कारण जांभ्यातलं लोह ढेकूळ धरून ठेवतं, कर्ब नसला तरी. म्हणून एकट्या ढेकळावर निकाल देऊ नका. गडग्याच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षं न खणलेली, पातेऱ्याखालची जागा असते. तिथलं ढेकूळ आणि बागेतलं ढेकूळ शेजारी दोन ग्लासांत ठेवा. मुरण्याची परीक्षाही त्या दोन जागी करा. आपली जमीन कुठवर जाऊ शकते ते ती न खणलेली जागाच दाखवते.

४. प्रयोगशाळेत काय मागायचं

पत्रिकेत १२ गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश (पोटॅशियम), गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन. त्याखेरीज दोन गोष्टी तोंडाने विचारा. सामू ६.५ च्या खाली असेल तर स्फुरद ‘ब्रे’ पद्धतीने (आंबट मातीसाठीच्या) काढाल का? आणि ‘चुन्याची गरज’ मोजून द्याल का? हे विचारायला संकोच करू नका. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्याची कृषी विज्ञान केंद्रं यासाठीच आहेत.

५. अहवाल वाचताना

पहिला सामू बघा. ५.५ च्या खाली ॲल्युमिनियम विरघळून मुळांना त्रास देऊ लागतं, अशा जमिनीत खत वाढवण्याआधी चुना. पण तो अंदाजाने टाकू नका, चुना जास्त झाला तर जस्त आणि बोरॉन मिळेनासं होतं. मग कर्ब: ०.५ टक्क्यांच्या खाली कमी, ०.७५ च्या वर चांगला. आपल्याकडे जंगलालगत हा आकडा बरा येतो, उघड्या वरकस उतारावर घसरतो. पालाश कमी दिसला तर नवल नाही, जांभ्या चिकणमातीला तो धरून ठेवता येत नाही आणि पाऊस नेतो. त्यावर उपाय म्हणजे खत एकदम न देता हप्त्याने देणं.

६. एकच बदल, जोडीने करून बघा

कोरडवाहू संशोधनातून आपण उचलावी अशी सवय मला हीच वाटते. ‘घातलं आणि फरक पडला’ असं सांगणारे खूप भेटतात, शेजारी न घातलेला तुकडा ठेवणारे थोडे.

सारख्या वयाची सहा कलमं घ्या, दोन-दोनच्या तीन जोड्या करा. प्रत्येक जोडीतल्या एका कलमाच्या आळ्यात पावसाळा संपताना पातेऱ्याचा आणि गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) पाल्याचा वीतभर थर द्या, बुंध्यापासून हातभर सोडून. दुसऱ्याला नेहमीसारखं ठेवा, बाकी सगळं सारखं. जानेवारी, मार्च आणि मेमध्ये थराखाली बोटभर खोलीवर ओल आहे का, हाताने दाबून गोळा होतो का, ते वहीत लिहा.

भातात असाच प्रयोग राबावर करा. आमच्या आजोबांनी आयुष्यभर कवळं (झाडाच्या पाल्याच्या फांद्या) तोडून, शेण-गवत पसरून तरवा (भाताच्या रोपांची जागा) भाजला. रोप जोमात यायचं हे खरं, तणही मरायचं. पण त्या आगीत जो पाला जातो तोच वरच्या जमिनीला हवा असतो. एका वाफ्यात राब करा, शेजारचा न भाजता शेणखताचा गादीवाफा ठेवा. लावणीच्या दिवशी दोन्हीतली रोपं उपटून मुळं शेजारी ठेवून बघा. पुढे चारसूत्री पद्धतीने (चार सूत्रांची सुधारित भातलागवड) लावायचं असेल तर त्यातलं गिरिपुष्पाचं हिरवळीचं खतही एका खाचरात देऊन, एकात न देता पाहता येतं.

प्रयोगशाळेत पुन्हा तीन वर्षांनी जा. नमुना त्याच महिन्यात, त्याच तुकड्यातून, तेवढ्याच खोलीवरून काढा आणि जमल्यास त्याच प्रयोगशाळेत द्या. जुनी चिठ्ठी आणि नकाशा वहीतच चिकटवून ठेवा, नाहीतर तीन वर्षांनी ‘वरचा तुकडा’ म्हणजे नक्की कुठला, यावरच घरात वाद होतो.