पोरगं 'लीन'वाली गाणी ऐकतंय? मग त्याच्यासोबत ऐका

मी फार्मासिस्ट आहे. 'चिठ्ठी घरी राहिली' म्हणत कोडीनचं (अफूच्या जातीचं औषध) कफ सिरप मागायला येणारी पोरं लांबूनच ओळखू येतात. त्यातलं खोकत एकही नसतं. घरी माझा भाचा दिवसभर अमेरिकन रॅप ऐकतो. म्हणून आईबापांसाठी हे चार शब्द.

पहिलं, गाणं बंद करायला लावू नका. मोबाइल काढून घेतलात तर तो मित्राच्या मोबाइलवर ऐकेल, आणि तुमच्याशी बोलणं तेवढं तोडेल. एक इअरबड मागून घ्या. शब्द कळले नाहीत तर त्यालाच विचारा, मोठ्यांना शिकवायला पोरांना भारी आवडतं. तरी माहीत असू द्या: 'लीन' किंवा 'सिझर्प' म्हणजे कोडीन-प्रोमेथाझिनचं सिरप सोड्यात घालून, 'पर्क' म्हणजे ऑक्सिकोडोन या अफूच्याच जातीच्या वेदनाशामकाची गोळी, 'झॅन' म्हणजे अल्प्राझोलाम, चिंतेवर आणि झोपेसाठी देतात ती गोळी.

मग गाणाऱ्याचं पुढे काय झालं ते दोघं मिळून शोधा. ह्यूस्टनचा डीजे स्क्रू, गाणी संथ करून त्या शहराला स्वतःचा बाज देणारा, नोव्हेंबर २००० मध्ये स्वतःच्याच स्टुडिओत मृत सापडला. वय २९, शरीरात कोडीन. रॅपर पिम्प सी २००७ मध्ये सिरपनं गेला; त्याला झोपेत श्वास अडकायचा त्रासही होता. लिल पीप २०१७ मध्ये फेंटानिल (फार जहाल वेदनाशामक) आणि अल्प्राझोलामनं, २१ व्या वर्षी. ज्यूस वर्ल्ड डिसेंबर २०१९ मध्ये, तोही २१ चाच.

या ज्यूस वर्ल्डवर जरा थांबा. तो रॅपर फ्यूचरला भेटला तेव्हा म्हणाला होता, तुझी गाणी ऐकून मी सहावीतच लीन प्यायलो. हे फ्यूचरनंच मुलाखतीत सांगितलंय, आणि ऐकून आपण हादरलो असंही. भाच्याला हे सांगितलं तर त्यानं गाणं थांबवून दोनदा विचारलं, "सहावीत?" मी पुढे काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका.

मात्र सगळा रॅप नशेचा उदोउदो करतो असं म्हणाल तर पोरगं तुम्हाला तिथेच खोडून काढेल, आणि ते बरोबर असेल. सुटायची धडपड सांगणारी गाणीही आहेत.

'औषधच तर आहे' असं तो म्हणाला तर माझ्या धंद्यातली गोष्ट सांगा. कोडीनचं यकृतात मॉर्फिन होतं, आणि किती होईल ते माणसागणिक बदलतं. मित्राला जेवढ्यानं नुसती गुंगी येते, तेवढ्यानं याचा श्वास मंदावू शकतो. वर दारू किंवा झोपेची गोळी असेल तर विचारूच नका. म्हणूनच आपल्याकडे कोडीन आणि अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहेत. आम्हाला चिठ्ठी बघून रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते.

आजोबांच्या झोपेच्या गोळ्या कुलुपात ठेवा. पोरगं उठवून उठत नसेल, घोरल्यासारखा घरघर आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर 'झोपू दे' म्हणू नका. कुशीवर वळवा, १०८ लावा, काय घेतलंय ते लपवू नका.

सवय लागलीय असं वाटलं तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. अल्प्राझोलाम रोज घेत असेल तर रागाच्या भरात एका दिवसात बंद करायला लावू नका. झटके येऊ शकतात. ती कशी कमी करायची ते डॉक्टरच ठरवतील.