दार बदलण्याआधी बिजागरी बघा: घरातल्या जुन्या वस्तू दुरुस्त कशा कराव्यात

गावात स्लॅबचं घर उभं राहिलं की जुनी सागवानी दारं निघतात आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून बसतात. दोन पावसाळे गेले की त्यांची चूल पेटते, नाहीतर कडी-कोयंड्यासकट भंगारवाला घेऊन जातो. हे बघून जीव तुटतो. कारण त्या जागी पातळ पत्र्याचं किंवा भुशाच्या फळीचं दार येतं, आणि उन्हापावसाच्या तोंडावर ते फार वर्षं टिकत नाही. आपल्या विदर्भातल्या आलापल्ली-बल्लारशाहकडच्या सागवानाची योग्यता वेगळी सांगायला नको. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी लाकूड निवडायची वेळ आली तेव्हा ते इथूनच गेलं. त्याच जातीचं लाकूड आपल्या आजोबांनी चौकटीला लावलंय.

जुन्या वस्तूत बहुतेक वेळा झिजलेली गोष्ट एकच असते, आणि ती लहान असते. दारात स्क्रूचं भोक, नळात वायसर, कडीत गंजाचा थर. ती नेमकी शोधायची आणि तेवढीच बदलायची. बाकी वस्तू धडधाकट असते.

दार घासतं, लागत नाही

दार अर्धं उघडा. कडीच्या बाजूने खालून धरून वर उचलून बघा. हाताला खडखड लागली, दार बोटभर वर आलं, तर दोष लाकडात नाही. बिजागरी ढिली झालीय. त्यातही वरची आधी बघा, कारण दाराची ओढ तिच्यावरच येते. अशा दाराला रंधा मारला तर कड तासली जाते आणि दार तसंच लोंबत राहतं.

दाराखाली वीट ठेवा, वर पोत्याची घडी घाला, म्हणजे वजन विटेवर येईल. मग एका वेळी एकच बिजागरी सोडा. स्क्रूच्या खाचेत जुना रंग भरलेला असतो, तो खिळ्याच्या टोकाने कोरून काढा. पेचकस खाचेत नीट बसवून मुठीवर हातोडीचा हलका ठोका द्या, तेलाचा थेंब सोडा आणि थोडा वेळ थांबा. आधी स्क्रू किंचित घट्ट फिरवायचा आणि मग उलटा. गंजाची पकड अशीच सुटते. जोर लावत बसलात तर खाच जाते, आणि मग तो स्क्रू काढणं मोठं काम होऊन बसतं.

आता भोक. ते मोठं झालंय म्हणूनच स्क्रू धरत नाही. वाळलेल्या बांबूची किंवा सागाच्या तुकड्याची खुंटी तासा. भोकात ती थोडी अडूनच गेली पाहिजे. फेव्हिकॉल लावून ठोका आणि एक पूर्ण दिवस तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी बाहेर आलेलं टोक पटाशीने सपाट करा, बारीक ड्रिलने किंवा टोच्याने नवं भोक पाडा, स्क्रूच्या आट्यांना साबण घासा आणि हातानेच आवळा. स्क्रू पहिल्यापेक्षा थोडा लांब घेतला तर अधिक चांगलं. आगपेटीच्या काड्या कोंबून काम भागवणारे पुष्कळ आहेत. हलक्या झडपेला ते चालतं, सागाच्या जड दाराला नाही.

बिजागरी पक्की करूनही पावसाळ्यात दार अडत असेल तर घाई करू नका. लाकूड ओल पिऊन फुगतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा तेच लाकूड आकसतं. श्रावणात रंधलेल्या दाराच्या फटीतून उन्हाळ्यात गरम वारा आणि धूळ आत येते. म्हणून पावसाळ्यात जिथे घासतं तिथे खडूने फक्त खूण करून ठेवा. दिवाळीनंतर पुन्हा बघा. तेव्हाही खुणेवर घासत असेल तरच रंधा घ्या, आणि तोही पातळ.

जुना रंग काढणं आणि तेल देणं

घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्या देशात 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. म्हणजे त्याआधीच्या ऑइलपेंटच्या थरांत शिसं असू शकतं, आणि लहान लेकरांच्या मेंदूला ते अपाय करतं. असा रंग कोरडा घासायचा नाही आणि बत्तीने जाळायचा तर मुळीच नाही. दार बाहेर काढा, खाली जुनं प्लास्टिक अंथरा, तोंडाला चांगला मास्क बांधा, पृष्ठभाग पाण्याने ओला करून पाण्यात चालणाऱ्या काळ्या पॉलिशपेपरने घासा. लेकरं, गर्भार बाई, शेळ्या-कोंबड्या त्या जागेपासून लांब. निघालेला चिखल प्लास्टिकसकट गुंडाळून बांधून टाका; तो सांदवाडीत, म्हणजे परसात, किंवा भाजीच्या वाफ्यात जाता कामा नये.

दार सावलीत पूर्ण वाळलं की जवसाचं तेल. जवस तर विदर्भाचंच पीक, घाण्याचं तेल घरात असेलही; पण कच्चं तेल लाकडावर कित्येक दिवस चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते. हार्डवेअरच्या दुकानातून डबल बॉइल्ड लिनसीड आणा, ते लवकर सुकतं. पहिल्या हाताला त्यात निम्मं टर्पेंटाइन मिसळा, म्हणजे तेल खोल मुरेल. फडक्याने लाकडाच्या रेषेच्या दिशेने चोळा, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून घ्या, आणि एक-दोन दिवसांनी दुसरा हात द्या. दाराची वरची आणि खालची कड विसरू नका. लाकडाची तोंडं तिथे उघडी असतात आणि पावसाळ्याची ओल तिथूनच शिरते. रंगारी ती कड कधीच रंगवत नाहीत, कारण ती दिसत नाही.

तेलाचं फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं, आणि गोळा झालेल्या कापडात ती साठून कापड आपोआप पेट घेऊ शकतं. आपल्या उन्हाळ्यात, शेजारी कडबा किंवा कापूस असताना, ही गोष्ट साधी नाही. फडकं पाण्यात बुडवून ठेवा, किंवा बाहेर दोरीवर एकेरी पसरून पूर्ण वाळू द्या.

चौकटीचा पाय पेचकसाने टोचून बघा. पेचकस लोण्यात गेल्यासारखा आत गेला किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर उधई, म्हणजे वाळवी आहे. कुजलेला पाय कापून जुन्याच सागाचा जोड लावणं हे वाढयाचं, म्हणजे सुताराचं काम आहे, ते त्यालाच द्या. उधईवर शेतातलं फवारणीचं औषध घरात ओतू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे जीव गेले, तेही उघड्या रानात. घर तर चार भिंतींचं असतं.

गळका नळ

पाणी कुठून येतं ते आधी बघा. नळ बंद असताना तोंडातून थेंब पडत असेल तर वायसर गेलाय. नळ उघडल्यावर दांडीच्या बुडातून पाणी झिरपत असेल तर मानेतलं पॅकिंग गेलंय. दोन्हीसाठी नवा नळ लागत नाही. हे जुन्या, फिरवून उघडायच्या पितळी नळाबद्दल आहे. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात आत वेगळा संच असतो, तो तसाच दुकानात नेऊन जोडीचा आणावा लागतो.

टाकीचा कॉक बंद करा आणि नळ उघडून पाइपातलं पाणी काढून टाका. मानेवर कापड गुंडाळून पाना लावा, म्हणजे पितळेवर ओरखडे येणार नाहीत. दुसऱ्या हाताने नळ घट्ट धरा, नाहीतर जुना पाइप भिंतीतच पिळला जाईल. मान उलटी फिरवून दांडीसकट बाहेर काढा. खाली रबरी चकती दिसेल. ती मधोमध खोलगट झालेली असते, कधी दगडासारखी कडक. तीच नमुना म्हणून दुकानात घेऊन जा. नवी बसवण्याआधी नळाच्या आतल्या बैठकीवर बोट फिरवा. गुळगुळीत लागली तर ठीक. खड्डा लागला तर वायसर पुन्हा लवकर कापला जाईल. मग ती बैठक घासून द्यायला प्लंबर हवा. दांडी अर्धी वर ठेवूनच मान परत आवळा, म्हणजे नवा वायसर दाबून चिरडणार नाही.

मानेच्या गळतीला सूत पुरतं. दांडीवरची छोटी नट सोडा, जुनं काळं पॅकिंग कोरून काढा, सुती दोऱ्याला ग्रीस चोळून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाच-सहा वेढे द्या आणि नट हलकी आवळा. दांडी हाताने सहज फिरली पाहिजे.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात नळाला पांढरा थर फार लवकर चढतो. लिंबाच्या रसात किंवा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेलं कापड अर्धा तास बांधून ठेवा, जुन्या दातांच्या ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. चमकत्या मुलाम्याच्या नळावर ते रात्रभर ठेवू नका, मुलामा उतरतो. शहाबादी फरशीवरही लिंबू सांडू देऊ नका. ती चुनखडीची असते, आंबट लागलं की डाग कायमचा. न्हाणीत आम्ल आणि ब्लीचिंग एकत्र कधीच करू नका, त्यातून विषारी क्लोरीन निघतो.

कडी, कोयंडा, बंगईच्या साखळ्या

पितळ चमकवण्याआधी लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर फक्त पातळ मुलामा. ते घासलंत तर काळं लोखंड उघडं पडेल. अस्सल पितळेला चुंबक चिकटत नाही. त्याला चिंचेचा कोळ आणि मीठ चोळा, धुवा, लगेच कोरडं करा आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवा.

गंजलेलं लोखंड रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवा, चुलीपासून लांब. सकाळी तारेच्या ब्रशने आणि पॉलिशपेपरने घासा, तेलकटपणा साबणाने धुवा, उन्हात तापवून वाळवा. त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्या, कारण उघडं लोखंड हवेत लगेच गंज धरू लागतं. वरून ऑइलपेंटचे दोन पातळ हात. बिजागरीच्या फिरत्या खिळीवर रंग नको, तिथे शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात.

बंगईच्या, म्हणजे झोपाळ्याच्या बाबतीत मी कडक आहे. साखळी घासून रंगवा, पण आढ्याचा हूक आणि कडी जिथे एकमेकांवर टेकतात ती जागा नीट बघा. तिथलं लोखंड ठळक बारीक झालं असेल तर तो हूक बदलाच. त्या बंगईवर म्हातारी माणसं आणि लेकरं बसतात.

जे दुरुस्त करू नये

तडकलेलं बटण, काळा पडलेला प्लग, सैल झालेला सॉकेट, सोललेली वायर आणि गॅसची चिरलेली नळी: हे जुनं ते सोनं म्हणून जपायचं नाही. चिकटपट्टी गुंडाळून चालवायचंही नाही, सरळ नवं घ्या. पंखा मंद झाला तर मात्र त्याला टाकू नका. व्होल्टेज बरोबर असेल तर बहुतेकदा कपॅसिटर गेलेला असतो, आणि तो स्वस्त मिळतो. जुन्यावर छापलेला आकडा बघून तेवढ्याच आकड्याचा घ्या आणि वायरमनकडून बसवून घ्या.

कूलरची टाकी गंजली असेल तर ती होळीच्या आधीच काढा. प्लग भिंतीतून उपसून मगच हात लावा. गंज खरवडा, रेड ऑक्साइड द्या, आतून डांबरी रंगाचे दोन हात द्या आणि पूर्ण वाळेपर्यंत पाणी भरू नका. जाळीत वाळा नवा भरा. लावण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, आणि पाणी भरताना प्रत्येक वेळी प्लग काढायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.