पावसाळ्यात घरात येणारा काळा भुंगेरा: या चुका टाळा

मृगाचे दोन-चार पाऊस झाले की पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव, मखमलाबाद अशा नाशिकच्या कडेच्या वस्त्यांत एकच तक्रार ऐकू येते. रात्री दिवा लावला की फरशीवरून काळा, चकचकीत किडा धावत जातो. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतो, कुणी झुरळ म्हणतं, कुणी हुमणी म्हणतं आणि सकाळी पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर फिरायला लागतो. बहुतेक वेळा हा जमिनीवर राहून शिकार करणारा भुंगेरा असतो. तो घरात राहायला आलेला नसतो, वाट चुकून आत शिरलेला असतो. म्हणून मारायची घाई करण्याआधी वाट शोधा.

न बघताच झुरळ ठरवणं

सगळा खर्च आणि सगळी भीती या एका चुकीतून सुरू होते. किडा काचेच्या ग्लासाखाली झाका आणि नीट बघा. झुरळाचं डोकं वरून जवळजवळ दिसत नाही, मिशा लांबलचक असतात आणि पंख एकावर एक चढलेले असतात. भुंगेऱ्याच्या पाठीवर मात्र दोन टणक झाकणं असतात आणि ती मधोमध एका सरळ रेषेत मिळतात. बहुतेकांच्या झाकणांवर लांबीच्या दिशेने बारीक खाचा दिसतात. डोकं पुढे आलेलं असतं, जबडे समोर रोखलेले असतात, मिशा धाग्यासारख्या बारीक आणि पाय लांब असतात. दिवा लागताच तो उडण्यापेक्षा कडेला पळतो.

हुमणीचा भुंगेरा वेगळा. तो तपकिरी आणि जाडसर असतो, त्याच्या मिशांच्या टोकाला पापुद्र्यांचा झुबका असतो. तो दिव्यावर आपटतो, खाली पडतो आणि उताणा होऊन पाय झाडत राहतो. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमणारे ते हेच. धान्याच्या डब्यातले सोंडे तर जेमतेम तीन-चार मिलिमीटरचे. डब्यात किडे दिसत असतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि धान्य उन्हात घाला.

जगात या शिकारी भुंगेऱ्यांच्या ४० हजारांच्या आसपास जाती आहेत. काही मुंगीएवढे, तर काळ्या अंगावर सहा पांढरे ठिपके असलेला आपल्याकडचा एक भुंगेरा चांगला चार सेंटिमीटरचा. पण यांतलं कुणी तुमचं लाकूड पोखरत नाही आणि कपडेही कुरतडत नाही. कोरड्या घरात त्यांची पैदास होत नाही, बहुतेक थोड्या दिवसांत मरूनही जातात.

हाताने उचलणं, चपलेने चिरडणं

हे मात्र करू नका. सहा ठिपक्यांचा भुंगेरा छेडला तर आम्लाची पिचकारी मारतो. पिवळट-नारिंगी आणि काळ्या रंगाची एक जात तर उकळत्या पाण्याइतका गरम द्राव फुस्सकन सोडते, त्वचेवर आग होते आणि तपकिरी डाग पडतो. लागलंच तर साबण-पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जा.

पावसाळ्यात दिव्याखाली नारिंगी-काळा, सेंटिमीटरभर लांबीचाही नसलेला बारीक किडा दिसतो. तो या गटातला नाही, पण अंगावर चिरडला गेला तर एक-दोन दिवसांनी त्या जागी आग होऊन फोड येतात. अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा.

भुंगेऱ्यावर ग्लास पालथा घाला, खालून जाड कागद सरकवा आणि बाहेर सोडा. लहान मुलांसमोर आरडाओरडा न करता असं केलं, तर तीही शिकतात.

घरभर फवारणी

आत औषध मारून उपयोग थोडा, कारण उद्या दुसरा येतो. शिवाय बाहेर हाच भुंगेरा अळ्या, कोष आणि गोगलगायींची पिल्लं खातो. परसबाग किंवा मळा असलेल्याने त्याला मारणं म्हणजे फुकट राबणारा गडी हाकलून देणं. बागेत वाटेल तसं विष टाकू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वाट उघडी ठेवणं

रात्री घरातले दिवे बंद करा आणि कुणाला तरी बाहेरून दाराच्या फटीवर टॉर्च मारायला सांगा. जिथून उजेड आत येतो, तिथून भुंगेरा येतो. अंग चपटं असल्यामुळे त्याला बारीक फटही पुरते. जुन्या नाशिकच्या वाड्यांना निदान उंच उंबरठे होते, नव्या फ्लॅटच्या दाराखाली फक्त गुळगुळीत फरशी असते. दाराला खालून रबराची पट्टी किंवा ब्रश लावा. सरकत्या खिडकीच्या पट्टीत पाणी जाण्यासाठी ठेवलेली छोटी भोकं सहसा कुणाच्या लक्षात येत नाहीत. ती बुजवू नका, बारीक जाळी लावा. एसीचा पाइप भिंतीतून जातो तिथे सिलिकॉन भरा, मोरीच्या जाळीवर झाकण ठेवा.

दारावरचा पांढरा ट्यूबलाइट रात्रभर चालू ठेवू नका. उजेडावर किडे येतात आणि त्यांच्यामागे त्यांना खाणारे येतात. पिवळा दिवा लावा, तोही गरजेपुरता.

भिंतीला टेकवलेल्या कुंड्या, विटांचा ढीग, ओला पालापाचोळा हे भुंगेऱ्याचं दिवसाचं घर. दिंडोरी-पिंपळगावकडच्या द्राक्षमळ्यांत एप्रिलच्या खरड छाटणीत कापलेल्या वेलींच्या काड्या बऱ्याचदा ओसरीलगतच रचलेल्या असतात. जूनमध्ये त्या भिजतात आणि त्याखाली हे भुंगेरे दडतात. ढीग घरापासून लांब बांधावर न्या. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर गवत वाढलं असेल, तर मालकाला गाठून पावसाआधीच कापून घ्या.

एवढं करूनही रोज एकाच खोलीत भुंगेरे सापडत असतील, तर त्या खोलीची भिंत बाहेरून, जमिनीलगत बसून तपासा. पाण्याच्या लाइनीभोवतीची माती खचून तिथे भगदाड पडलेलं असू शकतं. आधी ते सिमेंटने भरा, पेस्ट कंट्रोलचं त्यानंतर बघू.