जुन्या गाडीतली ठकठक: पाना उचलण्याआधी

सेकंडहँड गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात एखादी ठकठक ऐकू येतेच. ती बहुतेक वेळा आधीपासूनच असते. जुन्या मालकाच्या कानाला सवय झालेली असते, नाहीतर गाडी दाखवताना त्याने गाणी मोठ्याने लावलेली असतात.

गॅरेजमध्ये येणारा प्रत्येक जण आवाज कुठून येतो ते सांगतो. मला आधी हवं असतं ते म्हणजे आवाज कधी येतो. पत्र्यातून आणि चेसीतून आवाज कुठल्या कुठे जातो, मागच्या शॉकअपची खटखट सीटखालून आल्यासारखी वाटते. कधी येतो यात मात्र फसगत कमी. खड्ड्यात, वळताना, रेस दिल्यावर, ब्रेक मारल्यावर, की सकाळी थंड इंजिनावर?

त्याही आधी गाडी रिकामी करा. जॅक, टॉमी, स्टेपनी, सीटखाली घरंगळलेली बाटली, सगळं बाहेर. हसू नका. पुढचे दोन्ही शॉकअप नवे टाकूनही ठकठक जागच्या जागी, अशी एक गाडी माझ्याकडे आली होती. बॉनेट उघडून बॅटरीला हात लावला तर ती ट्रेमध्ये डुलत होती, क्लॅम्पच नव्हता. आणि टायर बदलल्यानंतर लगेच आवाज सुरू झाला असेल तर गाडी हलवण्याआधी चाकांचे नट तपासा.

आता आवाज कशाला बांधलेला आहे ते शोधायचं. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, हळूहळू रेस द्या. ठकठक रेसबरोबर वाढली तर इंजिनाकडे बघायचं. उभ्या गाडीत काहीच नाही आणि चालत्या गाडीत येते, तर मोकळ्या रस्त्यावर ताशी ४०च्या आसपास क्लच दाबून पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. इंजिन बंद करायचं नाही, स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात. इंजिन स्लो झालं तरी आवाज गाडीच्या वेगाबरोबरच चालू राहिला, म्हणजे चाक, ब्रेक किंवा ॲक्सल. साध्या कारचं चाक एका फेऱ्यात साधारण १.८ ते २ मीटर जातं. टायरवर खडूची रेघ मारा, कोणाला तरी चालण्याच्या वेगाने गाडी घ्यायला सांगा आणि थोडं अंतर राखून बाजूने चाला. रेघ दर वेळी त्याच जागी आली की टक् होत असेल, तर टायरमध्ये अडकलेला खडा, टायरचा फुगवटा, नाहीतर ब्रेक डिस्क. ब्रेकवर नुसता पाय टेकवताच खटखट गप्प होत असेल तर कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिना आणि पॅडच्या क्लिपा ढिल्या आहेत.

खड्ड्यातली खटखट सगळ्यात जास्त सापडते आणि सगळ्यात जास्त चुकीचे पार्ट त्यापायीच बदलले जातात. गतिरोधकावरून गाडी आधी सरळ न्या, दोन्ही पुढची चाकं एकदम चढतील अशी. मग तिरकी न्या, एका वेळी एकच चाक चढेल अशी. सरळ जाताना शांत आणि तिरकी जाताना खटखट, तर दोष स्टॅबिलायझर बारच्या (वळताना गाडी झुकू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा आडवा बार) लिंक रॉडचा किंवा त्या बारच्या रबरी बुशांचा धरा. दोन्ही चाकं बरोबर उचलली की बार पिळला जात नाही, म्हणून लिंकवर जोरच येत नाही. लिंक तपासताना गाडी चाकांवरच उभी ठेवा. जॅकवर एक चाक लोंबकळलं की बार ताणला जातो आणि लिंकमधला ढिलेपणा लपतो. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, लिंक मुठीत धरून जोरात हलवा. खराब असेल तर लिंकच्या टोकाची गोळी आतल्या आत टिकटिक करते, कानाआधी बोटांना कळते.

सरळ आणि तिरकी दोन्हीकडे वाजत असेल तर शॉकअप, त्याचं वरचं माउंटिंग, लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणारा दांडा) बुश आणि त्या आर्मला चाकाशी जोडणारा बॉल जॉइंट तपासा. तेल गळून ओला झालेला शॉकअप दिसतोच. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग ‘टंग’ करत असेल तर माउंटिंगचं बेअरिंग गेलं. बॉल जॉइंट हलतोय असं कळलं तर त्या गाडीने घरीसुद्धा जाऊ नका. तो सुटला की चाक आडवं पडतं.

पूर्ण वळवून हळू गोल फिरताना टक-टक-टक: बाहेरचा सीव्ही जॉइंट (ॲक्सलच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा). फाटलेलं रबर आणि रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं ग्रीस बघा. गिअर टाकताना किंवा गाडी जागेवरून उचलताना एकच ‘धप्प’: बहुधा इंजिन माउंटिंग.

इंजिनाचा आवाज असेल तर घाई करू नका. आधी डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) बघा. तेल कमी असेल तर इंजिन सुरूच करू नका, आधी लेव्हल पूर्ण करा. ऐकायला सुरुवात इंजिन पूर्ण थंड असतानाच करा. गाडी बघायला गेलात आणि बॉनेट आधीच कोमट लागलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. थंडपणी ठकठक आणि गरम झाल्यावर गायब, हे झिजलेल्या पिस्टनचं किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पाइप) गॅस्केटमधल्या गळतीचं लक्षण, त्यावर विचार करायला वेळ असतो. उलटं असेल तर जपा. गरम होऊन तेल पातळ झाल्यावर वाढणारी, खालून येणारी जड ठकठक, २०००-२५०० आरपीएमला रेस धरल्यावर किंवा सोडल्यावर स्पष्ट होणारी, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला खालच्या क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) बेअरिंग. जाड तेल भरून ती काही दिवस दाबता येते, विकणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं.

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ऐका. बाही, केस, ओढणी पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर. वरच्या कव्हरवर बारीक टिकटिक म्हणजे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग), तेलाच्या चेंबरजवळ जड ठोका म्हणजे बेअरिंग. पेट्रोल गाडीत इंजिन बंद करून एका सिलिंडरच्या इग्निशन कॉइलचा (स्पार्क प्लगला ठिणगीची वीज देणारी) कनेक्टर काढा, चालू करून काही सेकंदच ऐका. त्या सिलिंडरला ठोका मंदावला तर दोष तिथलाच. जास्त वेळ ठेवलं तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तो बिघडवतं. डिझेलमध्ये असले प्रयोग घरी नकोत, कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी नळी) पाइपात दाब १००० बारच्या वर जाऊ शकतो.

मग तेल काढा, तेलाचा फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडा. तांबूस चमचम दिसली तर बेअरिंग झिजलंय. नुसतं चुंबक फिरवून समाधान मानू नका, बेअरिंगचा थर लोखंडाचा नसतो, तो चिकटत नाही. तरी इंजिन खोलायचं ठरवण्याआधी बाहेरचा पट्टा काढून मिनिटभराच्या आत ऐकून घ्या, कधी पट्टा ताणून धरणारा टेन्शनरच ठोकत असतो. ऑटोमॅटिक गाडीत फ्लायव्हीलच्या जागी असलेल्या फ्लेक्स प्लेटचा तडाही हुबेहूब रॉडसारखा वाजतो. दोष रॉडचाच निघाला तर गाडी टोचन करूनच न्या. चालवत नेली आणि रॉड तुटला तर ब्लॉकला भोक पडतं.

चढावर वरच्या गिअरमध्ये रेस दाबल्यावर येणारी बारीक खडखड वेगळी. गिअर खाली आणल्यावर थांबत असेल तर कमी ऑक्टेनचं पेट्रोल, आत साठलेला कार्बन किंवा तापलेलं इंजिन बघा.

गॅरेजला जाताना मेकॅनिकला शेजारी बसवून आवाज ऐकवा, नुसतं वर्णन करून गाडी सोडून येऊ नका. काम झाल्यावर त्याच गतिरोधकावरून त्याच वेगाने पुन्हा जा आणि काढलेला पार्ट मागून घेऊन हाताने हलवून बघा. जुन्या लिंकची गोळी अजून घट्ट असेल तर खटखट करणारा पार्ट अजून गाडीतच आहे.