स्वयंपाकघर नव्यानं करताना: हातोडा पडण्याआधी काय ठरवायचं

स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाची सुरुवात बहुतेक घरांत कपाटाच्या दारांच्या रंगापासून होते, आणि पुढच्या निम्म्या चुका तिथेच रुजतात. दारं मागाहूनही बदलता येतात. ओट्यामागचा पाइप किंवा टाइलखालची वायर हलवायची तर भिंत पुन्हा फोडावी लागते. म्हणून भिंतीत आणि फरशीखाली जे गाडलं जाणार आहे ते आधी पक्कं करायचं, मग ओटा, मग कपाटं आणि सगळ्यात शेवटी रंग.

आठवडाभर वही ठेवा, मग यंत्रं ठरवा

सध्याच्या स्वयंपाकघरात अडतं कुठे ते आठ दिवस लिहून काढा. चिरायला जागा पुरत नाही, फ्रिजचं दार उघडलं की वाट बंद होते, मिक्सरसाठी रोज प्लग उपसावा लागतो, असं जे जे असेल ते. सगळ्यात मोठं पातेलं, सगळ्यात उंच डबा आणि ओट्यावर कायम राहणारी यंत्रं मोजा. कोणता खण किती खोल हवा हे त्यावरून ठरतं.

मग फ्रिज, शेगडी, ओव्हन, डिशवॉशर, सिंक आणि चिमणी यांची नेमकी मॉडेल्स निवडा. ताबडतोब विकत घेतली नाहीत तरी चालेल, पण प्रत्येकाचं मापाचं पत्रक हाताशी हवं. त्यात लांबी-रुंदी-उंचीसोबत वॅट, मागं-वर सोडायची मोकळी जागा आणि दार पूर्ण उघडायला लागणारी जागा दिलेली असते. भिंतीला खेटून बसवलेल्या फ्रिजचं दार जेमतेम काटकोनात उघडतं आणि आतला ड्रॉवर बाहेरच येत नाही. ही चूक फ्रिज जागेवर बसेपर्यंत लक्षात येत नाही.

मापं: भिंतीवर विश्वास ठेवू नका

भिंत सरळ आणि कोपरा काटकोनात आहे असं गृहीत धरू नका. प्रत्येक भिंतीची लांबी तीन ठिकाणी घ्या: फरशीलगत, ओट्याच्या उंचीवर आणि वरच्या कपाटांच्या उंचीवर. तिन्हींतलं सगळ्यात लहान माप कपाटांसाठी धरा. कोपरा तपासायला गुण्या पुरत नाही, तो फार लहान पडतो. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ९० सेंमी, दुसऱ्या भिंतीवर १२० सेंमीवर खूण करा. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर १५० सेंमी आलं तर काटकोन आहे. जास्त आलं तर कोपरा उघडा आहे, कमी आलं तर मिटलेला.

नवी फरशी जुन्यावर चढवणार असाल तर टाइल आणि चिकटवण्याचा थर मिळून जमीन साधारण दीड सेंमी वर येते. त्यामुळे सगळ्या उंच्या तयार फरशीपासून मोजायच्या. पाणसळ किंवा लेझरनं तयार फरशीच्या बरोबर १ मीटर वर चारही भिंतींवर रेघ मारून घ्या, आणि गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार सगळ्यांना तिथूनच माप घ्यायला सांगा. प्रत्येकानं आपापल्या परीनं जमिनीपासून माप घेतलं की प्लगचा बोर्ड टाइलच्या मधोमध येतो आणि नळाचा पाइप फळीच्या आड.

मांडणी

सिंक, शेगडी आणि फ्रिज या तिघांमधल्या येरझाऱ्यांवर रोजची दमछाक ठरते. कुठल्याही दोघांमधलं अंतर साधारण १.२ ते २.७ मीटर असावं. त्याहून कमी असेल तर मधे ओटाच उरत नाही. जास्त असेल तर उकळतं पातेलं घेऊन खोली ओलांडावी लागते. समोरासमोरच्या ओट्यांमधली वाट एकट्यासाठी १०५ सेंमी, दोघं एकदम काम करत असतील तर १२० सेंमी हवी.

सिंक-शेगडी-फ्रिजच्या या त्रिकोणाबद्दल सगळेच बोलतात. ओट्यावरच्या मोकळ्या जागेचा हिशेब मात्र कुणी करत नाही, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे. सिंक आणि शेगडीच्या मधे सलग ९० सेंमी ओटा मिळाला तर चिरणं-मळणं सुखानं होतं. फ्रिजशेजारी सामान टेकवायला ४० सेंमी, शेगडीच्या दोन्ही बाजूंना किमान ३० सेंमी आणि सिंकच्या एका बाजूला भांडी निथळायला ६० सेंमी सोडा. शेगडी अगदी कोपऱ्यात सरकवली तर कढईचा कान भिंतीला लागतो आणि भिंत तेलकट होते.

खिडकीपुढे सिंक ठेवणार असाल तर खिडकीची झडप आत उघडते का ते पाहा. उंच मानेचा नळ बसवल्यावर ती खिडकी कायमची बंद राहू शकते. खिडकीखाली गॅसची शेगडी मात्र टाळा, वाऱ्यानं ज्योत हलते आणि पडदा जवळ येतो.

भिंत काढून जागा वाढवायचा बेत असेल तर ती भिंत वरचा भार पेलते का हे संरचना अभियंत्याकडून तपासून घ्या. ठोकून येणाऱ्या आवाजावरून हे ठरत नाही.

ओट्याची उंची

८५ ते ९० सेंमी हे सर्वसाधारण माप. आपलं माप काढायचं तर ताठ उभं राहून हात कोपरात वाकवा. कोपराच्या १० ते १५ सेंमी खाली ओट्याचा पृष्ठभाग यावा. शेगडीवर भांड्याचा काठ वर येतो, म्हणून शेगडीचा भाग थोडा खाली असला तर हात अवघडत नाहीत. सिंकचा तळ ओट्यापेक्षा १८-२० सेंमी खोल असतो, म्हणून तिथे ओटा थोडा उंच बरा. वेगवेगळ्या उंच्या शक्य नसतील तर सर्वाधिक वेळ उभं राहणाऱ्या माणसाचं माप धरा. खात्री करायला टेबलावर पुस्तकांची चळत रचून त्यावर चिरायची फळी ठेवा आणि दहा मिनिटं चिरून बघा.

खालच्या कपाटांच्या तळाशी पावलं आत जातील अशी खोबण हवीच: सुमारे १० सेंमी उंच आणि ७-८ सेंमी खोल. ती नसेल तर पुढे वाकून काम करावं लागतं आणि कंबर धरते.

पाणी आणि सांडपाणी

सिंक दुसऱ्या भिंतीला न्यायची हौस सगळ्यात महाग पडते. सांडपाण्याच्या पाइपला मीटरमागे साधारण २ सेंमी उतार लागतो. सिंक ३ मीटर सरकवली की ६ सेंमी उतार झाला, त्यात पाइपची जाडी वेगळी. जुन्या जोडाची उंची बदलत नसेल तर तो उतार येणार कुठून? ओढूनताणून बसवलेला सपाट पाइप काही महिन्यांत चिकट गाळानं भरतो. वळण घ्यायचंच तर एका काटकोनी जोडाऐवजी ४५ अंशांचे दोन वापरा आणि लांब पाइपवर साफसफाईचं तोंड हात पोचेल असं ठेवा.

डिशवॉशर आणि पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राच्या जोडण्या आत्ताच काढून ठेवा, प्रत्येकीला वेगळा बंद करायचा कॉक द्या. भिंत बुजवण्याआधी पाइप दाबाखाली तपासून घ्या आणि मोजपट्टी भिंतीला लावून प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना हेच फोटो उपयोगी पडतात.

वीज

२३० व्होल्टवर १६ अँपिअरची लाइन साधारण ३,६८० वॅट पेलते. ३,००० वॅटचा ओव्हन आणि १,२०० वॅटचा मायक्रोवेव्ह एकाच लाइनवर चालवले की तो आकडा ओलांडला जातो. चार चुलींचा इंडक्शन ७,००० वॅटपर्यंत जातो, म्हणजे सुमारे ३० अँपिअर. त्याला स्वतंत्र आणि जाड वायर लागतेच, शिवाय घराची एकूण जोडणी तेवढा भार घेते का हेही विचारा. फ्रिजला वेगळी लाइन द्या, नाहीतर दुसऱ्या यंत्रानं ब्रेकर पाडला आणि घरी कुणी नसलं तर आतलं सगळं नासतं. सिंकजवळच्या प्लगना ३० मिलीअँपिअरचं गळती-संरक्षण (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असू द्या.

अंगभूत ओव्हन किंवा डिशवॉशरचा प्लग थेट त्यांच्या पाठीमागे काढणं ही नेहमीची चूक. प्लगच्या जाडीमुळे यंत्र पुढे ढकललं जातं आणि बिघाड झाल्यावर प्लग उपसता येत नाही. शेजारच्या कपाटात तो काढा. सिंक आणि शेगडीच्या थेट वर प्लग नकोत.

दिव्यांचंही इथेच ठरवा. छताच्या मधोमध एकच दिवा असेल तर ओट्यापाशी उभ्या माणसाची सावली सुरीवर पडते. वरच्या कपाटांच्या तळाला, पुढच्या कडेलगत एलईडी पट्टी लावली की प्रश्न सुटतो, पण तिची वायर प्लास्टरच्या आधी निघाली पाहिजे.

चिमणी

चिमणी शेगडीइतकी तरी रुंद हवी. गॅसवर ती साधारण ६५ ते ७५ सेंमी उंचीवर बसते, पण अंतिम शब्द पत्रकाचा. नळी लहान, गुळगुळीत आणि कमी वळणांची असावी, चिमणीच्या तोंडापेक्षा अरुंद कधीही नको. अरुंद नळीत आवाज वाढतो आणि ओढ घटते. बाहेर नळी न नेता कोळशाच्या फिल्टरवर चालणारी चिमणी वास कमी करते, वाफ मात्र खोलीतच राहते. आणि बाहेर फेकलेल्या हवेच्या जागी बाहेरून हवा आत यायलाच हवी. घर घट्ट बंद असेल आणि गॅसचा गीझर आतच असेल तर त्याचा विषारी धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो.

कपाटं आणि ओट्याचा दगड

खालच्या बाजूला फळ्यांपेक्षा ड्रॉवर बरे, मागचं सामान काढायला गुडघे टेकावे लागत नाहीत. भिंतीलगतच्या ड्रॉवरशेजारी ३-५ सेंमीची पट्टी सोडा, नाहीतर तो दाराच्या चौकटीत अडकतो. एल आकाराच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंच्या मुठी एकमेकींवर आदळतात, तिथेही अशीच पट्टी लागते. सिंकखाली साधा पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ (लाकडाचा भुसा किंवा तंतू दाबून केलेल्या फळ्या) वापरू नका, पाणी लागलं की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही. पाण्याला टिकणारं प्लायवूड घ्या आणि पाइपसाठी पाडलेल्या भोकांच्या कडाही सील करा.

दगडाचं माप खालची कपाटं घट्ट बसल्यावरच घ्यायचं. कापणाऱ्याच्या हाती प्रत्यक्ष सिंक आणि शेगडी द्या. दगडाचा जोड सिंकच्या कापावर येऊ देऊ नका, तिथल्या पुढच्या-मागच्या पट्ट्या आधीच नाजूक असतात. संगमरवरावर लिंबू-व्हिनेगरचे डाग कोरले जातात, तर क्वार्ट्झमधली रेझिन (दगडाचा चुरा बांधून ठेवणारा चिकट पदार्थ) तापल्या भांड्यानं खराब होते. आणि हो, एवढा लांब दगड जिन्यातून वळेल का, हेही मोजा.

कामाचा क्रम

१. तोडफोड, भिंतींचे बदल
२. पाइप, वायरिंग, चिमणीचं भोक, मग चाचणी
३. प्लास्टर, हलक्या भिंतीत वरच्या कपाटांसाठी आतून लाकडी आधार
४. फरशी, कपाटांखालीसुद्धा
५. रंगाचा पहिला हात
६. कपाटं, मग दगड
७. ओट्यामागच्या टाइल्स
८. नळ, यंत्रं, शेवटचा रंग

फरशी कपाटांखालीसुद्धा घालण्याचं कारण डिशवॉशर. तो साधारण ८२ सेंमी उंच असतो. मागाहून त्याच्या पुढे फरशी चढवली तर दुरुस्तीसाठी तो बाहेर निघत नाही. टाइल्स १० टक्के जास्त, एकाच बॅचच्या घ्या. ओटा आणि भिंतीच्या सांध्यात सिमेंटचं ग्राउट भरू नका. दगड किंचित हलला की ते तडकतं, म्हणून तिथे बुरशीरोधक सिलिकॉन.

कंत्राटदाराशी करार करताना प्रत्येक वस्तूचं नाव, माप आणि जाडी लिहून घ्या. "चांगल्या प्रतीचं प्लाय" हे माप नव्हे. पैसे टप्प्यांनुसार द्या आणि शेवटचे दहा टक्के राहिलेल्या बारीकसारीक कामांची यादी पूर्ण होईपर्यंत हातात ठेवा. भिंत उघडल्यावर गंजका पाइप किंवा जीर्ण वायर सापडतेच, त्यासाठी खर्चाच्या १० ते २० टक्के बाजूला ठेवा. दुसऱ्या खोलीत एक चूल, फ्रिज आणि भांडी घासायला पाण्याची सोय आधीच लावा. दगड उशिरा येण्याची शक्यता धरून ती दोन आठवडे जास्त पुरेल अशी असू द्या.