नागपुरात गोल्फ मैदानावरच्या हरळीच्या ग्रीनला (भोकाभोवतालच्या बारीक कापलेल्या हिरवळीला) हवा-पाणी मुरण्यासाठी भोकं कधी आणि कशी पाडायची

थंडीत मंदावलेली हरळी फेब्रुवारीच्या शेवटी जोर धरते, तेव्हा पहिली फेरी घ्या. दुसरी पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर. मे महिन्यात भोकं पाडायचं मशीन बाहेर काढूच नका. ४५ अंशांत उघडी पडलेली मुळं करपतात.

खरी परीक्षा आपल्या काळ्या मातीची. ओली असताना टाइन (मशीनची भोक पाडणारी लोखंडी दांडी) घातली तर भोकाची भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत होते, पाणी मुरत नाही. पार सुकलेली असेल तर टाइन वाकते. म्हणून आदल्या दिवशी पाणी द्या. मूठभर माती दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटाला चिकटू नये.

१३ मिमी पोकळ टाइन, ७५ मिमी खोली, ५ सेंमी अंतर. निघालेल्या मातीच्या कांड्या लगेच उचला, त्या परत आत गेल्या तर मेहनत वाया. भोकं भरायला १०० चौरस मीटरला सुमारे ०.४ घनमीटर वाळू लागते. धुतलेली, २ मिमी चाळणीतून गाळलेली, कोरडीच हवी. गाळ असलेली वाळू भोकं बुजवते. ब्रशने आत लोटा, हलका रोलर फिरवा, पाणी द्या.

आठवड्याने १०० चौरस मीटरला १ किलो युरिया, लगेच भरपूर पाण्यासह. तोवर कापणी थोडी उंच ठेवा.